झाकून ठेवलेली रास

ती घटना मी विसरलेलो नाही आणि विसरावी असं मला वाटतही नाही. नोकरीत खून पाहिले, चोऱ्या पाहिल्या, हायवेवरचे अपघात तर इतके पाहिले की ते आता एकमेकांत मिसळून गेलेत. पण रोज सकाळी उठल्यावर 'आज यात पुढे काय निघतं' अशी खरीखुरी उत्सुकता लागून राहायची, अशी केस ही एकच. गुन्हेगार शोधायला निघालो होतो आणि भात शिजल्यावर त्याचं पुढे काय होतं ते शिकत बसलो होतो. बायकोने तेव्हा माझी भरपूर थट्टा केली. सगळं आयुष्य पोलिसात काढून शेवटी आमच्याच खात्यात आलात, म्हणायची.

तेव्हा मी आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेकडच्या भागात सर्कल इन्स्पेक्टर होतो. तिकडच्या गावांत घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि बाजारात हिंदी चालते. शेतात कापूस आणि ज्वारी. मी स्वतः आदिलाबादच्या मराठी घरातला. आजोबा निजामाच्या काळात कचेरीत नोकरीला म्हणून आले आणि आम्ही इथलेच झालो. त्यामुळे गावकरी माझ्याशी मोकळेपणी मराठीत बोलत आणि माझ्या तेलुगूभाषक सहकाऱ्यांना जे सांगत नसत ते मला सांगत. त्याचा फायदा मी पुरेपूर घेतला. या केसमधल्या कोणाचंही नाव मी देणार नाही. ती माणसं अजून त्याच गावात राहतात, त्यांना सुखाने राहू द्यावं.

ऐन उन्हाळ्यातली लग्नसराई होती. दिवस मावळायच्या बेतात ठाण्यात फोन आला. बोलणारा घाईत होता.

"साहेब, लग्नाच्या जेवनात औषध कालवलं हाय. फवारनीचं. घरचीच बाई हाय, नवरीची आत्या. लवकर या, नाही त लोक तिले सोडत नाहीत."

नाव विचारलं तर फोन ठेवून दिला. खबर देणाऱ्याबद्दल माझा एक साधा आडाखा आहे. ज्याच्या डोळ्यांदेखत माणसं आजारी पडली तो आधी आजाऱ्यांचं सांगतो. जो आधी गुन्हेगाराचं सांगतो त्याची खबर खोटी असतेच असं नाही, पण बहुतेक वेळा ती त्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली असते. डायरीत नोंद केली, हेड कॉन्स्टेबल आणि एक महिला कॉन्स्टेबल बरोबर घेतली आणि निघालो.

गावात पोचलो तेव्हा मांडव तसाच उभा होता. बँड बंद, खुर्च्या उलटसुलट. आजारी माणसांना मिळेल त्या गाडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं होतं. उरलेली वऱ्हाडी मंडळी घरासमोर जमली होती, आणि अंगणाच्या कडेच्या एका खोलीला बाहेरून कडी घातलेली होती. आत नवरीची आत्या होती. ज्या खोलीत सगळं अन्न ठेवलं होतं, त्याच खोलीत तिला कोंडलं होतं.

लोकांनी मला जे सांगितलं त्यावरून कोणाही पोलिसाला केस सरळ वाटली असती. त्या भागात मोठ्या जेवणावळीचा भात हंड्यांतून काढून स्वच्छ धोतरावर ओततात आणि त्याची रास लावतात. राशीपुढे दिवा आणि सुपारी ठेवतात. मग रास आधी कापडाने आणि वरून पोत्यांनी झाकून टाकतात आणि खोलीचं दार लावून घेतात. व्याह्यांच्या ताटात पहिला भात पडेपर्यंत रास उघडायची नाही. मध्येच उघडली तर बरकत जाते, अन्न पुरत नाही, अशी समजूत. राखणीला घरातलं एक माणूस बसवतात. या लग्नात आत्याला बसवलं होतं. तिचा नवरा फार पूर्वी वारला होता आणि ती भावाकडे राहत होती. मंगलकार्यात ती मांडवात नको म्हणून तिला आत बसवलं, हे मला कोणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती.

स्वयंपाक सकाळीच उरकला होता. बँडवाल्यांना आणि गाडीवाल्यांना रास लावायच्या आधीच, पहिल्या हंड्यातला भात वाढला होता. त्यांतल्या एकालाही काही झालं नव्हतं. दुपारी लग्न लागलं आणि नवरदेवाचे वडील रुसून बसले. मानाचं उपरणं गडबडीत त्यांच्या आधी त्यांच्या धाकट्या भावाच्या खांद्यावर पडलं होतं. त्यांची समजूत घालता घालता ऊन कलायला आलं. ते उठले, मग रास उघडली, भाताला पाण्याचा हबका मारून पुन्हा वाफ दिली आणि पंगत बसली. पंगत उठून थोडा वेळ होतो न होतो तोच उलट्या सुरू झाल्या.

"सकाळी तोच भात खाल्ला ते चांगले, आन् संध्याकाळी खाल्ला ते सारे पडले," नवरदेवाकडचा एक जण मला म्हणाला. "मधात भाताजवळ एकटी ही बाई. आता तुमीच सांगा."

त्याशिवाय आणखी तीन गोष्टी तिच्या विरुद्ध होत्या. वडिलांच्या जमिनीत आपला वाटा मिळावा म्हणून तिने मंडल कार्यालयात, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, अर्ज केला होता आणि त्यावरून बहीण-भावात बिनसलं होतं. खोलीच्या मागे फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली सापडली होती. आणि इतकी माणसं आजारी पडली तरी तिला काहीच झालं नव्हतं, कारण ती जेवलीच नव्हती.

मी कडी काढली. पन्नाशी उलटलेली, हडकुळी बाई भिंतीला पाठ लावून बसली होती. ती रडत नव्हती आणि कोणाला दोषही देत नव्हती. महिला कॉन्स्टेबलने तिला हाताला धरून जीपपर्यंत आणलं तेव्हा गर्दीतून एक दगड आला आणि जीपच्या पाठीवर आदळला. हेड कॉन्स्टेबलला त्या खोलीला कुलूप लावून पहाऱ्यावर थांबायला सांगून मी निघालो.

थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "मले हातकडी घालता का, साहेब?"

"नाही."

"मंग गाडी हळू घ्या. मले गाडी लागते."

खरं सांगतो, मला हसू आलं. विष घालून आलेली बाई असं बोलत नाही, असा काही नियम नाही. पण माझ्या डोक्यातली केस जरा कमी सरळ झाली.

आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून माणसं झोपवली होती. सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या होत्या. सगळ्यांत वाईट अवस्था नवरदेवाच्या आजोबांची होती. तिथली डॉक्टर वरंगलकडची, तरुण, तेलुगू आणि हिंदीत बोलणारी. ती एकेकाच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहत होती. मी विचारलं, विषप्रयोगाची केस आहे ना?

"सर, कापसाच्या हंगामात फवारणीचे पेशंट मी रोज पाहते," ती म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. तोंडातून लाळ गळते, दरदरून घाम येतो, कपड्यांना औषधाचा वास येतो. यांतल्या एकालाही तसं नाही. नुसत्या उलट्या आहेत. ताप पण नाही."

"मग हे काय आहे?"

"अजून मला माहीत नाही. तुम्ही मला ते अन्न द्या. आणि कोणी काय खाल्लं, काय नाही, ते विचारून द्या."

मी तिथूनच हेड कॉन्स्टेबलला फोन लावला आणि सगळ्या पदार्थांचे नमुने प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून घ्यायला सांगू लागलो. डॉक्टरने माझा हातच धरला. या उकाड्यात पिशवीत भरून आणलंत तर वाटेतच त्याचं काहीच्या बाही होईल, म्हणाली. उकळत्या पाण्यातून काढलेल्या डब्यात, स्वच्छ चमच्याने, आणि बर्फात. हेड कॉन्स्टेबलने लग्नातली कोल्ड्रिंकची थर्माकोलची पेटी रिकामी केली आणि त्यातल्याच बर्फात नमुने आणले. आम्ही रक्ताचे डाग, बोटांचे ठसे जपायला शिकलेली माणसं. भाताला बर्फात ठेवून सील करायची माझी पहिलीच वेळ.

आजोबांना ॲम्ब्युलन्सने जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. सूर्यास्तानंतर बाईला ठाण्यात ठेवता येत नाही, आणि गावात परत पाठवलं असतं तर तिची खैर नव्हती. म्हणून आरोग्य केंद्रातल्या नर्सच्या घरी महिला कॉन्स्टेबलसोबत तिची सोय केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांना घेऊन पंचनाम्याला गेलो. बाटली हातात घेतली. तिच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं आणि आत धुळीचा थर. कापूस पिकवणाऱ्या गावात अशी बाटली कोणत्याही घरामागे सापडेल. अंगणात उष्ट्या पत्रावळी पडल्या होत्या आणि कोंबड्या त्यांतला भात टिपत होत्या. पंचांपैकी एक जण आदल्या दिवशी फार तावातावाने बोलत होता. मी त्याला विचारलं, या केव्हापासून खातायत? कालपासून, तो म्हणाला, आणि कोंबड्यांकडे बघत राहिला. पण कोंबडीला चाललं म्हणून माणसाला चालेलच असं नाही, तेव्हा तेवढ्यावर मी काही ठरवलं नाही.

खरं काम पुढेच होतं. घरोघर आणि खाटोखाट जाऊन कोणी काय खाल्लं ते विचारायचं. साधं वाटतं, पण माणसाला कालचं जेवण विचारा, तो तुम्हाला पूर्ण लग्न सांगतो. उपरण्याचं काय झालं, नवरीला शालू कसा दिसत होता, बुंदी किती गोड होती. मला मात्र या चौकशीत गंमत वाटू लागली होती, कारण चित्र हळूहळू स्पष्ट होत होतं. नवरदेवाच्या मामाने भात खाल्ला नव्हता. भाताने गुडघे धरतात म्हणून तो फक्त पोळी आणि वांग्याची भाजी जेवला होता, आणि ठणठणीत होता. दोन बायांना भूक नव्हती. त्यांनी नुसती बुंदी खाल्ली, त्याही ठणठणीत. पाणी सगळेच प्याले होते. वरण, भाजी, बुंदी खाऊनही माणसं बरी होती. ज्यांनी संध्याकाळचा भात खाल्ला, तीच पडली होती.

हे मी गावात बोललो तर लोक म्हणाले, मग भातातच टाकलं असेल. आणि ते चूक नव्हतं. शिवाय त्यांचा दुसरा मुद्दा बिनतोड होता. शिळं झालं असतं तरी वाफ दिली की सगळं मरतं, गरमागरम भात वाढला, मग बिघडेल कसा? आत्याकडे परत जाणं भाग होतं.

आरोग्य केंद्राच्या मागच्या व्हरांड्यात तिचा जबाब घेतला. महिला कॉन्स्टेबल शेजारी, हेड कॉन्स्टेबल लिहायला.

"आत्याबाई, रास कोणी लावली?"

"आचाऱ्यानं. पोती मी घातली वरून. गार पडू देऊ नको, असं भावानं सांगतलं होतं."

"उघडली कोणी?"

"भावानंच. व्याही उठल्यावर."

"मध्ये तुम्ही उघडली नाही?"

"नाही."

बाकी सगळी उत्तरं तिने माझ्याकडे बघून दिली होती. हे एक तिने जमिनीकडे बघून दिलं. खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतोच असं नाही, सराईत लोक तर डोळ्यांत डोळे घालून बोलतात. पण जो एरवी नजर देतो तो एका जागी चुकवतो, ती जागा लक्षात ठेवावी. मी तो विषय सोडून दिला आणि चहा मागवला.

"तुम्ही स्वतः का जेवल्या नाहीत?" मी विचारलं.

"मी राखनीवर होती. कोनी जेव म्हनलं नाही."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, आणि त्यामुळेच मला ते फार लागलं. अख्खा गाव जिच्या न जेवण्याला पुरावा मानत होता, तिला त्या दिवशी ताट द्यायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवत विचारलं, "भावाने रास उघडली तेव्हा भात कसा होता?"

"तसाच. मी पायला तसाच."

"तुम्ही कधी पाहिला?"

तिने कप खाली ठेवला. हेड कॉन्स्टेबलचं पेन थांबलं.

"घातला मी हात," ती म्हणाली. "माझ्यावानी बाईनं राशीले हात लावू नये, मले मालूम हाय. पन घातला."

हेड कॉन्स्टेबलने माझ्याकडे असं पाहिलं की झालं, कबुली मिळाली. मी त्याला खुणेने गप्प केलं.

"काऊन घातला?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"बसल्या बसल्या वास आला. आंबूस म्हनाल त तसा नाही, कोंदट. पोतं उचलून हात घातला त आतून ऊब लागे. चुलीची ऊब वेगळी असते, साहेब. ही उकिरड्यात असते तशी. शित बोटाले चिकटून राह्यलं होतं. मी दारातून भावाले हाक मारली. म्हनलं, भात उतरला, दुसरा टाक. तो व्याह्याच्या पाया पडून राह्यला होता. म्हने, झाक अन् गप बस, बरकत घालवशीन."

"हे काल का नाही सांगितलं?"

"काय सांगू? हात घातला असं सांगू? म्हनले असते, तवाच टाकलं."

ती अगदी बरोबर बोलत होती. माझा हेड कॉन्स्टेबलही एका क्षणात तेच समजून बसला होता.

डॉक्टरला तिचं बोलणं तेलुगूत सांगितलं. उकिरड्यातली ऊब ऐकल्यावर तिचा चेहराच उजळला. भात किती वेळ झाकलेला होता, रास केवढी होती, पोती किती घातली होती, असं तिनेच मला उलट विचारलं, आणि मग मला समोर बसवून समजावलं. तांदळाबरोबर शेतातल्या मातीतूनच काही जिवाणूंची बीजं येतात. भात शिजवला की जिवाणू मरतात, बीजं मरत नाहीत. भात वाफाळता गरम असेपर्यंत ती झोपलेली असतात, गार ठेवला तरी झोपलेली असतात. मधल्या उबेत मात्र ती जागी होतात, भराभर वाढतात आणि भातात एक विष सोडतात. उन्हाळ्याच्या दिवसांत एवढी मोठी रास वरून पोत्यांनी झाकली की आतला भात कितीतरी वेळ त्या मधल्या उबेतच राहतो. सकाळी ताजा भात खाल्लेल्या बँडवाल्यांना म्हणूनच काही झालं नाही.

"पण वाफ दिली होती," मी म्हणालो.

"वाफेने जिवाणू मेले असतील. त्यांनी सोडलेलं विष वाफेने जात नाही."

"म्हणजे विष होतंच."

"होतंच," ती म्हणाली. "पण ते कोणी घातलेलं नव्हतं."

या वाक्यावर मी कितीतरी दिवस विचार केला. आमच्या खात्यात विष म्हटलं की घालणारा आलाच. घालणाऱ्याशिवाय विष, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसायलाच वेळ लागला. डॉक्टरचाही तो अंदाजच होता, पुरावा यायचा होता. आत्याच्या सांगण्याला दुजोरा देऊ शकेल असा माणूस एकच. मी तिच्या भावाला बोलावून घेतलं.

तो भला माणूस होता. मुलीच्या लग्नाचं असं झालेलं, व्याही वैरी झालेला, खचून गेला होता. मी विचारलं, बहिणीने भात उतरल्याचं तुम्हाला सांगितलं होतं का? तो टोपी हातात फिरवू लागला.

"गडबडीत होतो, साहेब. मले काही आठवत नाही."

आठवत नाही, हे उत्तर मी नोकरीत सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं असेल. त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही आणि ते खोडूनही काढता येत नाही. जबाबात तसंच लिहून घेतलं.

प्रयोगशाळांचे अहवाल यायला वेळ लागला. तेवढ्यात आजोबा बरे होऊन घरी गेले, हे मोठं काम झालं. एका अहवालात कीटकनाशकाचा मागमूस नव्हता. दुसऱ्या अहवालात फक्त भाताच्या नमुन्यात डॉक्टरने सांगितलेल्या जातीचे जिवाणू खच्चून भरलेले निघाले. तो नमुना बर्फात आला नसता तर त्या अहवालाला काही अर्थ उरला नसता. आमच्याकडे अशा तपासाला 'मिस्टेक ऑफ फॅक्ट' असा शेरा मारून बंद करतात. म्हणजे घटना घडली, पण गुन्हा नव्हता. मी अंतिम अहवाल लिहिला आणि स्वतः जाऊन आत्याला सांगितलं. ती तेव्हा मंडलाच्या गावी एका दूरच्या भाचीकडे राहत होती.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल, ती हात जोडेल. तसलं काही झालं नाही.

"हा कागद कुठं राहीन, साहेब?"

"ठाण्यात. आणि कोर्टात."

"मंग मले त्याचा काय उपेग? मले गावात राहाचं हाय. परवा गावात रेशनले गेली होती. बोरिंगवर बायायनं घागरी बाजूले घेतल्या, मी हात लावीन म्हनून. तुमी तिथं येऊन सांगा."

तिचं म्हणणं खरंच होतं. केस बंद करणं माझं काम होतं, गावाला समजावणं नाही, असं मी म्हणू शकलो असतो. पण मला स्वतःलाच बघायचं होतं की विष होतं आणि घालणारा नव्हता, हे गावाच्या गळी उतरतं की नाही. मी डॉक्टरला विचारलं. ती लगेच तयार झाली.

एका सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर लोक जमले. डॉक्टर तेलुगूत बोलत होती आणि मी मराठीत सांगत होतो. तिने कोणाच्या समजुतीला हात लावला नाही. रास लावायची तर लावा, दिवा लावा, पण भात एकदम सगळा शिजवू नका, पंगत बसेल तसा घाण्याघाण्याने शिजवा. थांबावंच लागलं तर पोत्याखाली कोंडू नका. एक तर चुलीवर वाफाळता ठेवा, नाही तर परातींत पातळ पसरून लवकर गार करा. झाकून कोमट राहिलेला भात दोन तास उलटले की कोणाच्याही मानासाठी ताटात वाढू नका, पुन्हा गरम करूनही नको. वाढणाऱ्याने हात साबणाने धुवावेत. घरच्या कढईत राहिलेल्या रात्रीच्या भातालाही हेच लागू. शेवटचं ऐकून बायांमध्ये बरीच कुजबुज झाली, कारण सकाळी फोडणीचा भात तिथे घरोघरी होतो.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग साहेब, चूक कोनाची धराची?"

मी म्हणालो, कोणाचीच नाही, यात गुन्हा नाही. ते उत्तर कोणालाच आवडलं नाही. लगेच दोघं-तिघं म्हणाले, व्याही रुसला नसता तर काहीच झालं नसतं. कोणी म्हणालं, आचाऱ्याचीच चूक. माझ्या डोळ्यांदेखत गाव आत्याला सोडून नवा माणूस शोधत होता. कोणीतरी एक नाव हाती लागल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नव्हतं. आत्या बायांच्या कडेला, सगळ्यांपासून हातभर दूर बसली होती आणि तिच्याकडे अजून कोणी नीट पाहत नव्हतं. माझा कागद, डॉक्टरचं बोलणं, सगळं तिला ओलांडून पुढे गेलं होतं. मला मनापासून वाईट वाटलं.

तेव्हा तिचा भाऊ उठला.

"व्याही रुसतेच," तो म्हणाला. "लग्नात व्याही नाही रुसनार त कोन रुसनार. आचाऱ्यानं मी सांगतलं तसं केलं. अक्कानं मले सांगतलं होतं, भात उतरला, दुसरा टाक. मी म्हनलं, झाक. साहेबायनं इचारलं त आठवत नाही म्हनलं. आठवत होतं."

तो खाली मान घालून, जवळजवळ पुटपुटत बोलला होता. पुढच्या दोन ओळींना ऐकू गेलं असेल. आत्या जागची हलली नाही. तिने फक्त भावाकडे पाहिलं आणि थोरल्या बहिणीच्या आवाजात म्हणाली, "जोरानं सांग. मांगच्याले आइकू नाही गेलं."

आणि त्याने ते सगळं पुन्हा, मोठ्याने, पहिल्यापासून सांगितलं. मागच्या रांगेतल्या बायांपर्यंत गेलं. तो बसला तेव्हा एक म्हातारी उठून आत्याच्या शेजारी जाऊन बसली.

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. जेवणात काही बिघडलं असं ऐकलं की मी आता 'कोणी केलं' हे नंतर विचारतो. 'केव्हा शिजवलं आणि तोपर्यंत कसं ठेवलं' हे आधी विचारतो. लग्नात, भंडाऱ्यात, शाळेच्या खिचडीजवळ, हायवेवरच्या ढाब्यावरही विचारतो. लोकांना वाटतं म्हातारा चिकित्सक झाला. वाटू दे. दुसरी गोष्ट माझ्या कामाबद्दलची आहे. माणसाला निर्दोष ठरवलं की आपलं काम संपलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ती बाई माझ्या अहवालाने कोर्टाच्या कागदांतून सुटली. गावातून सुटली ती भावाने दुसऱ्यांदा, मोठ्याने सांगितल्यावर, आणि ते त्याच्याकडून मी नाही, तिने वदवून घेतलं.